खिशातला चाकू आणि घरच्या शेतातली कामं: तुमचे अनुभव लिहा

घरचं शेत, गोठा, परसबाग सांभाळणाऱ्या मंडळींसाठी हा धागा. रोज खिशात असतो त्या घडीच्या चाकूबद्दल लिहा. तो दिवसभरात काय काय कापतो, कोणत्या कामाला काढायचा नाही असं तुम्ही ठरवलंय, धार कशी लावता, हे सगळं येऊ द्या. कपाटात मखमलीवर ठेवलेल्या चाकूंचं कौतुक दुसरीकडे करू.

सुरुवात माझ्यापासून. माझा तीन पात्यांचा आहे, स्टॉकमन म्हणतात तो. लांब टोकदार पातं बारीक कामाला. दुसरं सरळ धारेचं, टोक नसलेलं, ते दोऱ्या आणि पट्ट्यांना. तिसरं आखूड, गोलसर टोकाचं, मुळात जनावरांच्या खच्चीकरणासाठी असायचं. त्या कामाला आमच्याकडे डॉक्टर येतात, म्हणून ते पातं मी मळक्या कामांना लावलंय: खताच्या पिशव्या, चिखलातली दोरी, जुना पाइप. बाकीची दोन त्यामुळे स्वच्छ राहतात. एका पात्याच्या चाकूवर ही सोय नाही.

शेळ्या-गाईंकडे बघणारी

माझा चाकू सगळ्यात जास्त चालतो तो चाऱ्याच्या गठ्ठ्यांवर. दोरी मधोमध कापू नका. गाठीच्या अगदी शेजारी कापा आणि गाठ धरून ओढा, अख्खी दोरी एका तुकड्यात बाहेर येते. मग गठ्ठ्याला दोन दोऱ्या होत्या तर हातात दोन आल्या का, एवढंच बघायचं. प्लॅस्टिकची दोरी पोटात गेली तर पचत नाही, कोठीपोटात तिचा गोळा होतो. घरात सगळ्यांना हे एकदा रागावूनच सांगावं लागलं.

दुसरं काम रोजचं नाही, पण चाकू खिशातच का हवा ते त्यानेच कळतं. करडू दाव्यात अडकून गळा आवळला गेला की घरात जाऊन चाकू आणायला वेळ नसतो. अशा वेळी टोक नसलेलं पातंच हवं. पात्याची पाठ जनावराच्या अंगाला, धार बाहेर, आणि कापायचं बाहेरच्या दिशेने. ताणलेली दोरी धारदार पात्याखाली लगेच तुटते. बोथट पात्याने करवतासारखं घासत बसलात तर जनावर आणखी उसळ्या मारतं.

गोण्या जपणारा

छोटीशी गोष्ट. खाद्याची गोणी वरून फाडू नका. शिलाई साखळी टाक्याची असते, योग्य टोकाकडचा दोरा कापून ओढला की सरसर उसवत जाते. अडली तर तुम्ही चुकीच्या टोकाला आहात, दुसरीकडून बघा. गोणी पुन्हा वापरता येते.

कलमं बांधणारी

खिशातला चाकू आणि कलमाचा चाकू मी कधीच एक करत नाही. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट, म्हणून काप सरळ पडतो आणि दोन्ही साली नीट टेकतात. त्याच पात्याने पुठ्ठा किंवा मातीची दोरी कापली की संपलं. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पातं स्पिरिटने पुसते. रोग चाकूबरोबरही फिरतो.

माझे दोन्ही चाकू साध्या कार्बन पोलादाचे. चिकाने पातं काळसर होतं, पण तो गंज नव्हे, लाल दिसला तर गंज. पुसून तेलाचा थेंब दिला की भागतं. कोरडं करायचा कंटाळा असेल त्यांनी सरळ स्टेनलेस घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

डावखुरा

नखाने पातं उघडायची खाच बहुतेक चाकूंना उजव्या हाताच्या सोयीची असते. उघडं पातं मिटू नये म्हणून असतं ते आतल्या पट्टीचं लॉकही उजव्याच अंगठ्यासाठी. मी ओपिनेल नावाचा फ्रेंच घडीचा चाकू वापरतो. त्याला लॉक म्हणून पात्याच्या बुडाशी फिरणारी कडी आहे, ती कुठल्याही हाताने फिरते. हे चाकू 1890 पासून बनतात, कडी आली 1955 मध्ये.

लॉक हवंच का, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. माझं म्हणणं, कापताना जोर धारेवर असतो, तेव्हा लॉक नसलं तरी चालतं. पाइपला किंवा चामड्याला टोकाने भोक पाडायचं असेल तर मात्र बिनलॉकचं पातं बोटांवर मिटू शकतं.

धार लावायची आवड असलेला

सगळे धारेचं म्हणतात आणि पुढे जातात, म्हणून थोडं सविस्तर. दोन्ही बाजूंना साधारण 20 अंशांचा कोन पुरतो. कोन चुकतोय का ते कळत नसेल तर धारेवर मार्करने रेघ ओढा आणि दगडावर एकदा घासा. शाई कुठली गेली ते बघा. फक्त वरची, पाठीकडची गेली तर पातं फार आडवं धरलंय, फक्त कडेची गेली तर फार उभं. एका बाजूला घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत कड जाणवते. ती पूर्ण लांबीभर येईपर्यंत बाजू बदलायची नाही. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं पाठीच्या दिशेने ओढायचं, धारेच्या दिशेने नाही, नाहीतर पट्टाच कापाल.

आणि कृपा करून चाकूने डबे उचकटू नका. पातं आडव्या जोरासाठी नसतं, टोक आधी जातं.

मुलांना शिकवणारी

पहिला चाकू गोल टोकाचा, लॉकवाला द्या. बसूनच वापरायचा, आणि हात लांब करून गोल फिरवला तर कुणाला लागणार नाही एवढी जागा मोकळी हवी. उघडण्याआधी मिटवायला शिकवा. बोटं जास्त करून मिटवतानाच कापतात.

परत मीच

रंगाबद्दल कुणी लिहिलं नाही. भडक केशरी मूठ घ्या, नाहीतर लाल फीत बांधा. चाऱ्यात पडलेला चाकू कडबाकुट्टीत गेला तर यंत्राचं नुकसान होतंच, पण धातूचे तुकडे गाईच्या जाळीपोटात जाऊन रुतू शकतात. हिरव्या मुठीचे चाकू कोण आणि कशासाठी बनवतं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.