मदत हवी आहे: फिल्टरच्या ओ-रिंगला आणि सम्पच्या व्हॉल्व्हला कोणतं वंगण लावावं?

नमस्कार मंडळी,

घरी माशांच्या दोन टाक्या आहेत. चार फुटी टाकीत एंजल आणि कोरिडोरास मासे आहेत, खाली सम्प (पाणी गाळायची वेगळी टाकी) आहे. दोन फुटी टाकी झाडांची. तिच्यात चेरी श्रिंप (छोटी कोळंबी) चांगले वाढलेत आणि तिला बाहेरून कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्याचा) जोडलाय.

अडचण दोन ठिकाणी आहे. कॅनिस्टर साफ करून वरचं मोटरचं झाकण परत बसवताना फार जोर लावावा लागतो, क्लिपा तुटतील अशी भीती वाटते. बसल्यावरही बराच वेळ कडेने थेंब येतात. झाकणाची ओ-रिंग (गळती रोखणारी गोल रबरी कडी) हाताला कोरडी लागते, पण मऊ आहे, चिरा नाहीत. दुसरं म्हणजे सम्पमधून पाणी वर नेणाऱ्या पाइपवरचा बॉल व्हॉल्व्ह. आमचं पाणी बोअरचं, क्षार भरपूर. व्हॉल्व्ह इतका घट्ट झालाय की फिरवायला गेलं की पाइपच पिळला जातो.

हार्डवेअरवाल्यांनी पांढरं ग्रीस काढून दिलं. प्लंबर म्हणाला, खोबरेल लावा. माशांच्या दुकानात व्हॅसलीन सांगितलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'सिलिकॉन ग्रीस' म्हणून पांढऱ्या पेस्टची छोटी डबी मिळाली. अजून कशालाही हात लावलेला नाही. पाण्यात काही उतरलं तर आधी श्रिंप जातील, त्यामुळे कोणी खात्रीचं सांगेल का? 'अमुक चालतं' एवढ्यावर थांबू नका, का चालतं तेही लिहा.

– निळी टाकी

शेवाळ: ताई, ती इलेक्ट्रॉनिक्सवाली डबी आधी बाजूला ठेवा. ती बहुतेक हीट सिंक कंपाऊंड असणार. ट्रान्झिस्टरची उष्णता पत्र्याकडे जावी म्हणून लावतात ते. आत सिलिकॉन तेल असतं हे खरं, पण त्यात सहसा झिंक ऑक्साइडची पूड मिसळलेली असते, पांढरा रंग तिचाच. श्रिंपच्या टाकीजवळ जस्त नकोच. आपल्याला हवं ते सिलिकॉन ग्रीस पारदर्शक किंवा किंचित दुधाळ दिसतं.

जोडकाम: मी पंप आणि पाण्याच्या लाइनची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इथे दोन प्रश्न वेगळे ठेवा: माशांना काय चालतं आणि रबराला काय चालतं. बहुतेक गोंधळ दुसऱ्यात होतो.

पाण्याच्या कामातल्या ओ-रिंगा मुख्यतः दोन जातींच्या, नायट्राइल आणि ईपीडीएम. दोन्ही काळ्या, नुसतं बघून ओळखू येत नाहीत. नायट्राइलला पेट्रोलियमजन्य तेल सोसतं. ईपीडीएमला अजिबात सोसत नाही. ती फुगते, मऊ पडते आणि खाचेत मावेनाशी होते. मग झाकण बसवताना चिमटली जाते आणि गळती वाढते. यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) व्हॉल्व्हमध्ये ईपीडीएम सर्रास वापरतात. म्हणजे व्हॅसलीन एकाच्या फिल्टरला वर्षानुवर्षं चालतं आणि दुसऱ्याची रिंग वाया जाते. दोघंही खरंच सांगत असतात, रबर वेगळं असतं.

पांढरं ग्रीस बहुधा लिथियमचं, म्हणजे खनिज तेल घट्ट केलेलं. रबराची तीच अडचण, वर पाण्यावर तवंग येतो. तवंग आला की हवेतून पाण्यात प्राणवायू मिसळणं मंदावतं. गंज सोडवायचे स्प्रे तर टाकीच्या खोलीतही मारू नका. डब्यातले सिलिकॉन स्प्रेही टाळा, त्यात विद्रावक आणि दाबाचा वायू असतो. खोबरेल खवट होतं, चिकट थर धरतं आणि थंडीत गोठतं. ईपीडीएमला वनस्पती तेलही फारसं मानवत नाही.

उरतं ते शुद्ध सिलिकॉन ग्रीस. ते पाण्यात विरघळत नाही, जिवाणूंना खाद्य होत नाही आणि नायट्राइल, ईपीडीएम दोन्हींना चालतं. पाकिटावर 'एनएसएफ ६१' बघा. पिण्याच्या पाण्याशी संपर्क येणाऱ्या वस्तूंसाठीचं ते मानक आहे. मॉलिकोट १११ हे या वर्गातलं जुनं, नावाजलेलं. नुसतं 'फूड ग्रेड' किंवा 'एच १' (खाद्य उद्योगातल्या यंत्रांच्या वंगणांचा वर्ग) वाचून घेऊ नका. एच १ मध्ये पांढऱ्या खनिज तेलाची ग्रीसंही येतात. माणसाच्या पोटाला ती चालतील, ईपीडीएमला नाही. आरओचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे किंवा औद्योगिक सीलच्या दुकानात विचारा.

शेवाळ: एक अपवाद जोडतो. रिंगच सिलिकॉन रबराची असेल तर सिलिकॉन ग्रीस नको, ती त्याने फुगते. अशी रिंग बरेचदा दुधाळ किंवा विटकरी असते, पण रंगावर पूर्ण विसंबू नका, कंपनीचं पत्रक बघा. आणि दुकानात 'सिलिकॉन' एवढंच म्हणालात तर काच चिकटवायचं सीलंट हातात येईल. 'ग्रीस' हा शब्द ठासून सांगा.

निळी टाकी: फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. रिंग नायट्राइल की ईपीडीएम हे घरी ओळखता येईल का? जुनी एक रिंग पडून आहे. आणि ग्रीस नक्की किती लावायचं?

जोडकाम: जुन्या रिंगचा तुकडा बेबी ऑइलमध्ये एक-दोन दिवस बुडवून ठेवा, शेजारी तसाच कोरडा तुकडा ठेवा. बुडवलेला स्पष्ट फुगला तर ईपीडीएम, जवळपास तसाच राहिला तर नायट्राइल. बेबी ऑइल हे बहुधा खनिज तेलच असतं. पण सिलिकॉन ग्रीस घेणार असाल तर हा खटाटोप नाही केला तरी चालेल.

ग्रीस लावण्याआधी रिंग काढून धुवा आणि खाच कापडाने पुसा. वाळूचा एक कण किंवा झाडाच्या पानाचा तुकडा अडकला तरी तुम्ही म्हणता तसे थेंब येतात. मग बोटाच्या टोकावर किंचित ग्रीस घेऊन सगळीकडे फिरवा. रिंग नुसती चमकली पाहिजे, गोळे दिसले तर जास्त झालं. आतल्या इंपेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या) दांड्याला काहीही लावू नका, तो पाण्यावरच फिरतो. एवढं करूनही गळलं तर रिंग चपटी झाली आहे, बदला. वंगण गळती भरून काढत नाही.

खारं पाणी: माझी टाकी समुद्री आहे, म्हणून या 'जास्त झालं'ला दुजोरा. सिलिकॉन फेस मारतं. तळणीच्या तेलाला फेस येऊ नये म्हणून याच कुळातला पदार्थ, ई ९००, अगदी अल्प प्रमाणात घालतात. त्यामुळे प्रोटीन स्किमरच्या (फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राच्या) आसपास ढीगभर ग्रीस लावलं तर स्किमर फेस धरणं सोडतो. विष म्हणून नव्हे, कामात अडथळा म्हणून सांगतोय. खरी विषबाधा तांब्याची. आटे जाम होऊ नयेत म्हणून मिळणारी तांबूस पेस्ट, पितळी नेपल, पितळी कॉक यांतलं काहीच नको. माशांनी सोसलेलं तांबं श्रिंप आणि गोगलगायी सोसत नाहीत.

जोडकाम: बरोबर. आट्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो: एमटीए, एफटीएच्या (बाहेरून आणि आतून आटे असलेल्या पाइपाच्या जोडांच्या) आट्यांना ग्रीस नको, टेफ्लॉन टेप पुरे. ग्रीसने आटे सहज फिरत राहतात, हाताला अंदाज येत नाही आणि एफटीए उभा चिरतो. प्लंबरला सफेदा-सुतळीही लावू देऊ नका. नळीच्या टोकालाही वंगण नको, भरल्या टाकीत नळी निसटली तर सगळं पाणी घरात. टोक गरम पाण्यात धरा, मऊ होऊन सरळ चढतं.

आता तुमचा व्हॉल्व्ह. तिथे वंगणाची उणीव नाही, क्षार साचलेत. आतला चेंडू टेफ्लॉनच्या बैठकीवर फिरतो, ती मुळातच गुळगुळीत. बाहेरून ग्रीस फासून आत काही पोचणार नाही. दोन्ही बाजूंना युनियन (नट सोडवून वेगळा होणारा जोड) असेल तर पंप बंद करा, नट सोडवून व्हॉल्व्ह बाहेर काढा आणि व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजत ठेवा. स्वच्छ धुऊन दांड्याच्या छोट्या रिंगांना सिलिकॉनचा हलका हात द्या. सोल्युशनने (पाइप चिकटवायच्या द्रवाने) चिकटवलेला अखंड व्हॉल्व्ह असेल तर एका हाताने त्याचं अंग धरून थोडं मागे, थोडं पुढे करून बघा. नाही हलला तर जोर लावू नका, दांडा आत तुटतो. कापून युनियनवाला बसवा.

निळी टाकी: माझा अखंडच आहे, म्हणजे कापावाच लागणार. सोल्युशनने जोडल्यावर पाणी कधी सोडू? श्रिंपना त्याचा त्रास?

जोडकाम: सम्प चार फुटी टाकीचा आहे, श्रिंपपर्यंत तो पोचतच नाही. सोल्युशन पूर्ण वाळलं की मासेही सुरक्षित. डब्यावरची वेळ पाळा, मी स्वतः २४ तास थांबतो. तेवढा वेळ टाकीत एअर पंप चालू ठेवा आणि सम्पमधला बायो मीडिया (पाणी शुद्ध करणारे जिवाणू ज्यावर राहतात ते तुकडे) टाकीच्याच पाण्यात बुडवून, हवेचा दगड लावून ठेवा, नाहीतर त्यातले जिवाणू मरतील. नवा व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा पूर्ण बंद-चालू करत जा. बोअरच्या पाण्यात तेवढं केलं तरच तो हलता राहतो.