मदत हवी आहे : पूरन भगत आणि आपले चौरंगीनाथ

आजी श्रावणात नवनाथ भक्तिसार वाचायची. चौरंगीनाथांचे हातपाय तोडल्याच्या ओव्या आल्या की तिचा आवाज कापायचा, चष्मा पुसून मगच ती पान उलटायची. आता पूरन भगताची पंजाबी लोककथा वाचतेय आणि थक्क झालेय! सियालकोटचा राजपुत्र, सावत्र आई लूणाचा खोटा आरोप, हातपाय तोडून विहिरीत फेकलेला, गोरखनाथांनी वाचवलेला. कथा तीच! सियालकोटजवळच्या त्या विहिरीवर बायका मूल व्हावं म्हणून जात आल्यात. पंजाबी कवी शिवकुमार बटालवींनी १९६५ मध्ये आपल्या काव्यनाट्यात तर लूणाचीच बाजू मांडली. म्हाताऱ्या राजाला दिलेली कोवळी पोर, मला ती फार पटते.

पंजाबी कवी कादरयारने पूरन भगतावर लिहिलेला मूळ किस्सा (कथाकाव्य) देवनागरीत, अर्थासह, कुठे मिळेल? कुणी वाचलाय का? कृपया सांगा.