मदत हवी आहे: कॅप्टन इंधन बाहेर सोडायच्या नादात बुडाला का?

रंगपट
एकांकिका अडलीये. कॉकपिटचा प्रसंग. धूर आलाय, विमानतळ जवळ आहे आणि कॅप्टन थेट उतरायचं सोडून वजन कमी करायला, इंधन बाहेर सोडायला समुद्राकडे वळतो. दिग्दर्शक म्हणतो कॅप्टनलाच दोषी दाखव. मला पटत नाही, पण उत्तर सुचत नाही. थेट उतरता आलं असतं का? "गूगल करा" सांगू नका, तालीम तोंडावर आलीये.

नानासाहेब
कुठलं विमान, ते तरी सांगाल का? 1980 चं रियाधचं सौदी विमान असेल तर ते सुखरूप उतरलं होतं. उतरल्यावर लगेच थांबलं नाही, दारंही वेळेत उघडली नाहीत. 301 च्या 301 गेले.

निळाई
किंवा एअर कॅनडाचं, 1983, सिनसिनाटी. तेही उतरलं. दारं उघडल्यावर बाहेरची हवा आत गेली आणि केबिनने पेट घेतला. 46 पैकी 23 गेले. विमानात जमिनीलगत दिव्यांची पट्टी असते ना, ती त्यानंतर सक्तीची झाली.

रंगपट
अहो नाही! कॅनडातल्या हॅलिफॅक्सचं. स्विस. विमानातली आग म्हटलं की तेच आठवतं ना?

नानासाहेब
तुम्हाला.

पानापक्कड
स्विसएअर 111, न्यूयॉर्क ते जिनिव्हा, 2 सप्टेंबर 1998, एमडी-11. विमान देखभालीत आहे म्हणून लिहितो. हॅलिफॅक्सच्या घड्याळाने रात्री 10:10 ला कॉकपिटमध्ये वास आला. वैमानिकांना वाटलं एसीचा धूर. 10:14 ला पॅन-पॅन दिला, म्हणजे तातडीची हाक, प्राणसंकटाच्या "मेडे"च्या एक पायरी खाली. आधी बोस्टन मागितलं, नियंत्रकाने हॅलिफॅक्स सुचवलं, ते लगेच वळले. धावपट्टी 30 सागरी मैलांवर आली तेव्हा विमान 21,000 फुटांवर होतं. एवढ्या उंचीवरून तेवढ्या अंतरात नाही उतरत ते. जास्त अंतर हवंच होतं, मग त्यातच इंधन सोडायचं ठरलं. 10:24 ला आणीबाणी जाहीर केली, 10:25 ला दोन्ही रेकॉर्डर (ब्लॅक बॉक्स) बंद, 10:31 ला पेगीज कोव्हजवळ समुद्रात. 229 जण.

बिनधास्त_बाप्पा
इतकं पाल्हाळ कशाला? धूर दिसला की नाक खाली आणि उतर. वजन जास्त झालं तर चाकं मोडतील, माणसं तरी वाचतील. दिग्दर्शक बरोबर आहे.

पानापक्कड
बाप्पा, आग लागलीये हे त्याला कुठे माहीत होतं? ती होती छताच्या वर, तिथे ना सेन्सर ना विझवायची सोय. बहुधा प्रवाशांच्या मनोरंजन यंत्रणेच्या वायरीत ठिणगी उडाली, शेजारच्या इन्सुलेशनचं मायलरचं, म्हणजे पातळ प्लास्टिकचं, आवरण पेटलं. साधा सर्किट ब्रेकर असल्या ठिणगीने पडत नाही. कॅनडाच्या चौकशी मंडळाने चार वर्षांवर खपून 2003 मध्ये अहवाल दिला. त्यांनी हिशेब मांडून दाखवला की पॅन-पॅन दिल्याक्षणी थेट निघाले असते तरी धावपट्टीवर पोचेपर्यंत विमान ताब्यात राहिलं नसतं. सोडलं असतं इंधन, नसतं सोडलं, काय फरक पडणार होता?

बिनधास्त_बाप्पा
हिशेब कागदावर. चेकलिस्ट वाचत बसले हे खरं की नाही?

पानापक्कड
खरं. धुराची ती चेकलिस्ट पूर्ण करायलाच 20 ते 30 मिनिटं लागायची. हा दोष ती लिहिणाऱ्यांचा. आणि त्याच यादीत "केबिन बस बंद करा" होतं, म्हणजे केबिनचा वीजपुरवठा तोडा. तो स्विच बंद केला की छतातले पंखे थांबतात. तोवर पंखे धूर मागे ओढत होते, ते थांबल्यावर तोच कॉकपिटकडे आला. थोड्याच वेळात ऑटोपायलट सुटला.

नेपथ्य_नाना
धुरासाठी ग्लिसरीनचं फॉग मशीन घ्या, अगरबत्त्या नकोत. परीक्षक पहिल्या रांगेत असतात, खोकायला लागले की गुण गेले. ड्राय आइस बंद सभागृहात नको, गुदमरायला होतं.

रंगपट
धुराचं विचारलं नव्हतं हो.

प्रवासी_पक्षी
आता तर पॉवरबँकचीच धास्ती. परवा शेजारचा माणूस ती चार्जिंगला लावून वर उशीखाली ठेवून झोपला. एअर होस्टेसला सांगितलं तर माझ्यावरच डोळे वटारले त्याने.

निळाई
अवांतर: मालवाहू विमानांत लिथियम बॅटऱ्यांची वेगळीच डोकेदुखी आहे. 2010 मध्ये दुबईहून निघालेलं यूपीएसचं विमान त्यातच गेलं.

नानासाहेब
धाग्यावर या. रंगपट, रेकॉर्डर बंद पडल्यानंतरची सहा मिनिटं कॉकपिटमध्ये काय झालं त्याची नोंदच नाही. तिथे खऱ्या नावांच्या तोंडी संवाद घालू नका. घरचे लोक आहेत अजून.

रंगपट
नावं बदललीत. पानापक्कड दादा, तो केबिन बसचा स्विच समोर असतो की डोक्यावर? नटाचा हात कुठे जाणार ते ठरवायचंय.

पानापक्कड
डोक्यावरच्या पॅनलवर.

बिनधास्त_बाप्पा
मी मात्र दिग्दर्शकाच्या बाजूने. तालमीला बोलवा, समोरासमोर भांडू.