सूचना लिहिण्याच्या चौकटीत रिच टेक्स्ट एडिटर बसवावा का?

धागाकर्ता, मुलुंड

मी आणि माझे दोन मित्र मुलुंड-भांडुप भागातल्या काही गृहनिर्माण सोसायट्यांसाठी एक छोटे वेब अ‍ॅप्लिकेशन चालवतो. समोरची बाजू रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत आहे आणि सूचना लिहिण्यासाठी आजवर साधी टेक्स्टएरिया, म्हणजे फक्त साधा मजकूर घेणारी चौकट, होती. आता सेक्रेटरी मंडळींची एकमुखी मागणी आहे की वर्डमध्ये असते तशी बटणांची पट्टी हवी: ठळक, तिरके, रंग, तक्ता, सगळे, म्हणजेच रिच टेक्स्ट एडिटर. माझा याला विरोध आहे.

एडिटर बसवणे म्हणजे एनपीएम या तयार कोडच्या भांडारावरून एक पॅकेज उतरवणे आणि दुपारपर्यंत मोकळे होणे, असा समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. वेबपानातला मजकूर जागीच बदलू देणाऱ्या ज्या ‘कंटेंटएडिटेबल’ सोयीवर हा सारा डोलारा उभा आहे, ते मायक्रोसॉफ्टने २००० साली इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ मध्ये आणले आणि इतर ब्राउझरांनी ते नंतर आपापल्या समजुतीने उचलले. त्यामुळे एंटर दाबल्यावर नव्या ओळीसाठी एचटीएमएलचा (वेबपाने लिहिण्याच्या भाषेचा) पी टॅग घालायचा, डिव्ह घालायचा की नुसता बीआर, इतक्या साध्या गोष्टीवरही त्यांचे वर्षानुवर्षे एकमत नव्हते. मजकूर ठळक करण्याचा जुना मार्ग, म्हणजे ‘एक्झेककमांड’, आजही चालतो, पण तो कालबाह्य ठरवलेला आहे. म्हणूनच प्रोझमिरर किंवा लेक्सिकलसारखे एडिटर दस्तऐवजाची स्वतःची रचना स्मृतीत बाळगतात आणि ब्राउझरच्या त्या चौकटीचा उपयोग केवळ पाटीसारखा करतात. याचा अर्थ असा की आपण नुसती बटणे घेत नाही. पुढची दहा वर्षे ज्या स्वरूपात सूचना साठवायच्या, ते स्वरूप दुसऱ्याच्या हाती देतो.

ते दुसरे कोण, हेही पाहावे. फेसबुकने २०१६ मध्ये ड्राफ्ट.जेएस हे एडिटर-साधन खुले केले आणि रिअ‍ॅक्टवाल्यांनी ते डोळे मिटून घेतले; आज ते भांडार कुलूपबंद असून २०२२ मध्ये आलेले लेक्सिकल त्याच्या जागी आहे. टायनीएमसीई या एडिटरने २०२४ मध्ये सातव्या आवृत्तीपासून सैल अटींचा एमआयटी परवाना सोडून अधिक कडक अटींचा जीपीएल धरला. टेक्स्टएरियाच्या बाबतीत असले काही होत नाही. तीत मार्कडाउन, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकूर सजवण्याची पद्धत, लिहू द्यावे, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे (*) ठेवले की तो ठळक व्हावा, एवढे पुरे.

परळची प्रोग्रामर

आपला इतिहास बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. बँकेतून निवृत्त झालेले सेक्रेटरी, वय सत्तरीकडे झुकलेले, इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळपाटावर मराठी टंकतात. त्या पाटावर शिफ्टसह आठचा आकडा दाबल्यावर तारा उमटत नाही, ‘श्र’ उमटतो. आपल्या दोन ताऱ्यांसाठी त्यांनी प्रत्येक ठळक शब्दाच्या आधी आणि नंतर भाषा बदलायची का?

शिवाय सोसायटीच्या सूचनेत खरे महत्त्व तक्त्याला असते. मेंटेनन्स, सिंकिंग फंड, पाणीपट्टी, पार्किंग, प्रत्येकापुढे रक्कम. हा तक्ता वर्डमधून टेक्स्टएरियात चिकटवला की रकाने मोडून आकड्यांची नुसती रांग उरते. मग मंडळी काय करतात, हे आपणही पाहिले असेल: कागदावर छापतात, सही-शिक्का मारतात, मोबाइलने फोटो काढून तोच चढवतात. त्या फोटोतला मजकूर शोधता येत नाही आणि ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडरकडून ऐकताही येत नाही. साधेपणाच्या आग्रहातून आपण मजकूरच गमावून बसतो.

मी टिपटॅप हा एडिटर वापरते. तो प्रोझमिररवर बांधलेला आहे आणि प्रोझमिररमध्ये ‘स्कीमा’, म्हणजे दस्तऐवजात काय काय चालेल याची यादी, आधी ठरवावी लागते: परिच्छेद, यादी, तक्ता, ठळक, दुवा. स्कीमात जे नाही ते दस्तऐवजात शिरूच शकत नाही. वर्डमधून ‘एमएसओनॉर्मल’सारख्या त्याच्या अंतर्गत खुणांची सारी वऱ्हाडी मंडळी आली तरी दारातूनच परत जाते. आपल्याला भीती वाटते त्या पसाऱ्यावरचा उपाय एडिटरमध्येच आहे, एडिटर टाळण्यात नाही.

शीवचा वाचक

परळच्या ताईंच्या शेवटच्या वाक्यामुळे कोणाची गफलत होऊ नये, म्हणून लिहितो. स्कीमा हा नीटनेटकेपणा आहे, पहारा नव्हे. एडिटर वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो; ज्याला खोडी काढायची आहे तो एडिटर उघडणारच नाही, थेट सर्व्हरला विनंती पाठवेल. साठवलेले एचटीएमएल तुम्ही रिअ‍ॅक्टच्या ‘डेंजरसली सेट इनर एचटीएमएल’ या सोयीतून जसेच्या तसे दाखवत असाल, तर त्या नावातच इशारा आहे. अशा रीतीने घातलेला स्क्रिप्ट टॅग (कोड चालवणारा टॅग) चालत नाही, म्हणून काही जण निर्धास्त राहतात. पण चुकीचा पत्ता दिलेल्या चित्राच्या टॅगवर ‘ऑनएरर’ (चित्र न उघडल्यास चालवायचा कोड) लिहिले की तोच कोड सूचना उघडणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या लॉगिनमध्ये चालतो. सर्व्हरवर परवानगी असलेल्या टॅगांचीच यादी ठेवून गाळणी लावा, दाखवतानाही डॉमप्युरिफाय ही एचटीएमएल गाळणारी लायब्ररी लावा. मार्कडाउनलाही यातून सूट नाही, कारण अनेक मार्कडाउन लायब्रऱ्या मध्ये लिहिलेले कच्चे एचटीएमएल तसेच पुढे जाऊ देतात.

गिरगावातील मुद्रितशोधक

मी प्रोग्रामर नाही, परंतु एका संस्थेच्या संकेतस्थळावरचा मजकूर तपासण्याचे काम करतो आणि एडिटर बदलल्याचे परिणाम भोगलेले आहेत. एके दिवशी जिथे जिथे ‘दुसऱ्या’ होते तिथे ‘दुसर्या’ दिसू लागले. ‘कर्मचाऱ्यांना’चे ‘कर्मचार्यांना’ झाले. लेखकांना दोष देऊन झाला, फॉन्टला दोष देऊन झाला. कारण पुढे आठवड्याने कळले. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारांनी टंकता येतो: एक तर ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरून, नाही तर साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह देऊन. आमचे बरेचसे लेखक दुसऱ्या प्रकाराने टंकत. चिकटवलेला मजकूर स्वच्छ करण्यासाठी कोणीतरी ‘अदृश्य चिन्हे काढा’ अशी एक ओळ लिहिली होती, तिने तो जॉइनरही झाडून टाकला आणि र चढून रफार झाला. आमच्याकडील मुलाने नंतर ती ओळ सुधारली, आधीचे लेख मात्र हाताने दुरुस्त करावे लागले.

आपल्या सेक्रेटरींपैकी कोणी जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकत असतील, तर तेही आधी विचारून घ्यावे. तो मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांचा असतो आणि फॉन्टमुळेच मराठी दिसतो. एडिटरने फॉन्ट काढला की समोर अगम्य रोमन अक्षरे येतात आणि शिव्या तुम्हाला बसतात.

परळची प्रोग्रामर

हा अनुभव मोलाचा आहे. त्याला एक जोड देते: अँड्रॉइडवर बहुतेक कळफलक ‘कीडाउन’मध्ये (कळ दाबल्याची ब्राउझरने दिलेली वर्दी) अनेकदा कुठल्याही कळीसाठी २२९ हाच क्रमांक देतात, कारण शब्द अजून जुळणीत असतो. जो एडिटर एंटर किंवा बॅकस्पेस त्या क्रमांकावरून ओळखतो, तो मराठीत हमखास अडखळतो. म्हणून निवड करताना बटणे मोजू नका, स्वस्तातल्या फोनवर ‘लक्ष्मीनारायण’ लिहून मधूनच खोडून पाहा. अक्षरमर्यादा ठेवणार असाल तर तेही तपासा. ‘लक्ष्मी’ डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, जावास्क्रिप्टची लेंग्थ सात सांगते, कारण ती हलन्त आणि वेलांटीही वेगळी मोजते. इथे टेक्स्टएरियाही निर्दोष नाही, हे धागाकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

धागाकर्ता, मुलुंड

इन्स्क्रिप्टचा मुद्दा मला सुचला नव्हता, मी स्वतः रोमन लिपीतून टंकतो. ताऱ्यांचा हट्ट सोडतो. तक्त्याचेही मान्य, कारण मागच्याच महिन्यात असा फोटो आमच्याकडे आला होता, तोही आडवा.

परंतु साठवण्याच्या प्रश्नावर मी ठाम आहे. एडिटरचा स्वतःचा जेसन, म्हणजे दस्तऐवजाची रचना नोंदवणारा त्याचा मजकूर, डेटाबेसमध्ये ठेवणार नाही. ड्राफ्ट.जेएसमध्ये ज्यांचा मजकूर अडकला, त्यांना तो बाहेर काढण्यासाठी रूपांतराचा कोड लिहीत बसावे लागले. आम्ही सर्व्हरवर गाळलेले एचटीएमएल ठेवू. लायब्ररी उद्या बंद पडली तरी ब्राउझरला ते वाचता येईल.

परळची प्रोग्रामर

यावर मात्र आपले जमणार नाही. एचटीएमएल पुन्हा एडिटरमध्ये भरताना स्कीमात न बसणारे जे असेल ते चुपचाप गळते, आणि उद्या तुम्ही स्कीमा बदललीत की जुनी सूचना केवळ उघडून जतन केल्यानेही बदलेल. जेसनमध्ये निदान आवृत्तीचा क्रमांक लिहिता येतो. दोन्ही साठवा, जागेचा खर्च नगण्य आहे.

शीवचा वाचक

दोन्ही साठवलेत तर त्यांपैकी खरे कोणते, हेही लिहून ठेवा. दोहोंत फरक पडला की रात्री अकरा वाजता फोन तुम्हालाच येणार आहे.

धागाकर्ता, मुलुंड

ठीक आहे, पुढच्या महिन्यात एकाच इमारतीत पाच बटणे देऊन पाहतो: ठळक, यादी, तक्ता, दुवा आणि मागे घ्या. रंग नाही. सेक्रेटरींनी लगेच विचारले, लाल तरी द्या. कशाला हवा म्हणून विचारले, तर थकबाकीदारांच्या ओळी दाखवायला. तेव्हा तक्त्याच्या ओळीला ‘थकबाकी’ अशी खूण देता येईल आणि ती लाल दाखवायची की ठळक, हे अ‍ॅप ठरवेल. टिपटॅपमध्ये ओळीला असा स्वतःचा गुणधर्म जोडणे कितपत सोपे आहे, एवढे परळच्या ताईंनी सांगावे.