कमी पाडलेला प्रूफ सेट स्वस्त आणि जास्त पाडलेला महाग, असं का? वाटणीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझे मामा बरीच वर्षं न्यू जर्सीला होते. अमेरिकेच्या टांकसाळीचा प्रूफ सेट (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या त्या वर्षाच्या नाण्यांचा संच) ते दरवर्षी घ्यायचे, मागच्या वर्षांचे काही तिथल्या दुकानांतून जमवलेले. गेल्या वर्षी मामा गेले. हे सेट दोन्ही मुलांत सारखे वाटावेत अशी मामीची इच्छा आहे. सुट्टीत मामांबरोबर बसून ती नाणी तासन्‌तास बघणारा मीच, म्हणून काम माझ्याकडे आलं.

मी मिंटेजवरून, म्हणजे किती सेट पाडले त्या आकड्यावरून, वाटणी केली. कमी पाडलेला सेट मोलाचा, एवढंच डोक्यात. यादी एका नाणी विकणाऱ्याला दाखवली आणि सगळं उलटंपालटं झालं. १९७३ चे सेट सुमारे २७.६ लाख, १९६४ चे ३९.५ लाख, तरी भाव १९६४ ला जास्त. हे समजलं, कारण १९६४ च्या सेटमधली तीन नाणी चांदीची आहेत आणि १९७३ च्यात चांदी अजिबात नाही. पण १९९७ आणि १९९९ चे दोन्ही सेट चांदीचेच आहेत. १९९७ चे ७.४१ लाख निघाले, १९९९ चे ८.०४ लाख. मग १९९९ चा महाग कसा? माझ्या वाटणीत तो एका भावाकडे 'साधा' म्हणून गेला होता. कोणावर अन्याय व्हायला नको. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: टांकसाळवाला

आधी चांदी मोजा. १९९७ च्या सेटमध्ये अर्धा डॉलर, एक क्वार्टर (पाव डॉलर) आणि एक डाइम (दहा सेंट) चांदीचे, शुद्ध चांदी साधारण १९ ग्रॅम. १९९९ ला मात्र पाच राज्यांची पाच क्वार्टर आली: डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, जॉर्जिया, कनेक्टिकट. त्यामुळे चांदी ४१.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त. निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं निम्मं मागणीत आहे. स्टेट क्वार्टरची मालिका १९९९ ला सुरू झाली आणि दहा वर्षं चालली. ज्यांना तिचा नाद दोन-तीन वर्षांनी लागला, त्यांना पहिलं वर्ष मागे जाऊन विकत घ्यावं लागलं. १९९७ च्या सेटसाठी अशी मागे वळणारी माणसं नव्हतीच. मालिकेचा भर असताना १९९९ चा चांदीचा सेट फार चढला, उत्साह ओसरला तसा बराच उतरलाही. या सगळ्या काळात मिंटेज होतं तेवढंच होतं. किती सेट आहेत हे तो आकडा सांगतो, किती लोक शोधताहेत हे नाही.

प्रतिसाद: भिंगवाली

वाटणी करण्याआधी भिंग घेऊन बसा. मिंटेजचा आकडा अख्ख्या वर्षाच्या सेटचा असतो, त्यातल्या प्रकारांचा नसतो. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या 'एस' या खुणेचा ठसा वर्षाच्या मध्येच बदलला. आधीचा 'एस' भरलेला, गुठळीसारखा. नंतरचा स्वच्छ, सुटा. सहाही नाण्यांवर स्वच्छ 'एस' असलेला सेट कितीतरी महाग जातो. १९९० च्या सेंटवर तारखेखाली 'एस' आहे ना, तेही बघा. तो नसलेले काही सेट चुकून बाहेर गेले, अंदाजे साडेतीन हजार. १९७० च्या डाइमचीही तीच गोष्ट.

आणि कृपा करून डब्या उघडू नका, नाणी पुसू नका. प्रूफ नाण्याची आरशासारखी पाटी एकदा रुमालाने ओरखडली की गेली.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मामीला शेजारी बसवून सगळे तपासले. १९९० ला 'एस' आहे, १९७० च्या डाइमवरही आहे. १९७९ चा मात्र मला सहाही नाण्यांवर स्वच्छ दिसतोय! दोन्ही प्रकार शेजारी ठेवून बघायला माझ्याकडे दुसरा सेट नाही. डबीतूनच फोटो काढले तर ओळखता येईल का?

प्रतिसाद: भिंगवाली

येईल. प्रकाश बाजूने पडू द्या, वरून नको, नाहीतर फक्त चकाकी येईल. सेटमधल्या सुझन अँथनी डॉलरचा (एक डॉलरचं नाणं) जवळून काढा, त्यावर फरक सर्वांत लवकर कळतो.

प्रतिसाद: टांकसाळवाला

वाटणीचं सुचवतो. चांदीचे सेट वेगळे करा, त्यांची शुद्ध चांदी दोघांत सारखी येईल असं बघा. बिनचांदीचे साधे सेट दोघांनी आळीपाळीने निवडावेत. १९७९ आणि १९९९ बाजूला ठेवा. त्यांचे भाव दुकानदार मागतो त्यावरून नको, प्रत्यक्ष विकले गेले त्यावरून बघा. मग एकेकाला एकेक द्या आणि फरक साध्या सेट्सनी भरून काढा.

धागाकर्ता

हे पटलं. १९९९ चा धाकट्याकडे जावा असं मामी म्हणते, त्यात न्यू जर्सीचं क्वार्टर आहे आणि त्याचा जन्म तिथलाच. फोटो उद्या दिवसा काढून टाकतो.