केबल गेली की प्लेअर मुका : जुन्या म्युझिक प्लेअरच्या चार्जिंगचे तुमचे अनुभव लिहा

मुठाकाठ
रविवारी जुन्या बाजारात एका ताडपत्रीवर केबलींचा गुंता पडलेला, त्यात आयपॉडची ती ३० पिनांची चपटी केबल दिसली आणि कोथरूडमधली कॉट बेसिसची खोली आठवली.

मामाने अमेरिकेहून आणलेला आयपॉड क्लासिक होता. खोली बदलताना केबल गहाळ झाली आणि महिनाअखेरीला नवी घेणं परवडणारं नव्हतं. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारातून, सुटा कनेक्टर आणला, बंद पडलेल्या माउसची यूएसबी वायर कापली आणि जोडायला बसलो.

३० पैकी लागतात मोजक्याच. २३ वर ५ व्होल्ट, १५ आणि १६ ग्राउंड, २५ डेटा मायनस, २७ डेटा प्लस. १९-२० फायरवायरच्या (यूएसबीसारखीच जुनी जोडणी), तिथे १२ व्होल्टची लाइन. खरी मेख मोजण्यात आहे. १५-१६ बरोबर मध्यावर येतात, म्हणजे उलट्या टोकाकडून मोजलं तरी ग्राउंड जुळतंच! दोन टोकं जोडलेली असली की मल्टिमीटर बीप देतो, आपल्याला वाटतं जमलं, आणि ५ व्होल्ट जातात आठव्या पिनवर. म्हणून शेजारच्या खोलीतल्या मित्राची चालू केबल मागून आणली. तिच्या यूएसबीच्या पाच व्होल्टच्या पट्टीपासून दुसऱ्या टोकाची कुठली पिन बीप देते ते शोधलं. मीटरचा प्रोब एका वेळी दोन पिनांना टेकत होता, मग त्याला शिवणाची सुई बांधली.

कॉम्प्युटरला लावल्यावर बॅटरीचं चित्र हललं तेव्हा खोलीतले सगळे उठून बघायला आले होते. तुमच्याकडेही असं काही झालं असेल तर लिहा, जमेल तेवढं तपशिलात.

पेठकरीण
वा! तपकीर गल्लीत काउंटरवर पहिला प्रश्न "मेल पाहिजे का फिमेल?" आणि मागे रांग. माझे बाबा न्यायचे मला, कपॅसिटर आणायला. कुकर झालाय, नंतर सविस्तर लिहिते.

तारायण
कॉम्प्युटरवर चार्ज झाला, पण भिंतीतल्या अ‍ॅडॉप्टरवर झाला का? माझा नव्हता होत. लाल-काळी बरोबर, ५ व्होल्ट मीटरवर दिसतायत, प्लेअर मात्र ढिम्म.

मुठाकाठ
@तारायण, अगदी हेच. प्लेअर आधी दोन्ही डेटा लाइनींवर काय आहे ते बघतो. कॉम्प्युटर तिथे बोलतो, साधा अ‍ॅडॉप्टर गप्प. दोन्ही लाइनींवर २ व्होल्ट दिले की तो अर्धा अँपिअर घ्यायला तयार होतो. ५ व्होल्टकडून ७५ के (किलोओहम) चा रेझिस्टर, ग्राउंडकडे ५१ के चा, मधून डेटाची वायर. अशा दोन जोड्या, चार रेझिस्टर.

तारायण
आत्ता कळलं!! इतकी वर्षं मी अ‍ॅडॉप्टर खराब म्हणत होतो. बाकीच्या बऱ्याच प्लेअरना आणि फोनना डेटाच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की पुरतं, अ‍ॅडॉप्टर आहे हे त्यांना त्यावरूनच समजतं. तेच इथे करून बघितलं होतं.

निशिगंध_बाणेर
मोबाईलवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या. माझ्याकडे आयपॉड शफल होता, हेडफोनच्याच भोकातून चार्ज होणारा. भावाने गाडीतली ऑक्सची केबल कापून जोडायला घेतली. मी म्हटलं पिनवरच्या काळ्या रेघा मोज आधी. ऑक्सला दोन रेघा म्हणजे तीन भाग, यूएसबीला वायरी चार. कसं बसणार? मग माइकवाल्या हेडफोनची वायर घेतली, तिच्या पिनला तीन रेघा असतात. आत केसासारख्या तारा, लाल, हिरव्या, सोनेरी, आणि वरून लाखेचा थर. कथील चिकटेच ना. इस्त्रीचं टोक म्हणाला भाऊ, आईने नजरेनेच थांबवलं. शेवटी टोकं ब्लेडने खरवडून काढली.

पेठकरीण
आईची नजर =)) आले परत. आमच्याकडे सॅन्सा होता, सॅनडिस्कचा प्लेअर. त्याचंही तोंड दिसायला थेट आयपॉडसारखं, पण आतलं वायरिंग वेगळं. दीर मोठ्या हौसेने आयपॉडची केबल घेऊन आले, चालली नाही.

सिंहगडरोड
जुना बाजार अजून रविवारी आणि बुधवारी भरतो का हो? मला व्हॉल्व्ह रेडिओची नॉब हवी आहे.

मुठाकाठ
@सिंहगडरोड, मी रविवारी गेलो होतो, भरलेला होता. सकाळी लवकर जा, नॉब पटकन उचलल्या जातात.

अनुस्वार
आयपॉडच्या १२ व्होल्टवरून आठवलं. काकांच्या गाडीत जुना डॉक होता, आयपॉड बसवून वाजवायचा स्टँड. २००८ ला नवीन आयपॉड नॅनो घेतला, तो डॉकवर गाणी वाजवायचा पण चार्ज होईना. त्या वर्षीच्या नॅनोतून आणि आयपॉड टचमधून फायरवायरवरचं चार्जिंग काढलं होतं आणि डॉक द्यायचा फक्त १२ व्होल्ट. काका दोन दुकानं फिरून आले होते बिचारे.

ओवी_कर्वेनगर
मला वायरिंग काही कळत नाही, तरी लिहिते. बाबा गेल्यावर त्यांचा प्लेअर सापडला, त्यात रेकॉर्डिंगची सोय होती. सोसायटीची भजनं, शिवाय आईशी रोजच्या भाजीवरून चाललेलं बोलणं. केबल कुठेच मिळेना, २२ पिनांची सोनीची. आता चार्ज करायला भीती वाटते, मागचं झाकण थोडं वर आलंय.

तारायण
ओवीताई, झाकण वर आलंय म्हणजे आत बॅटरी फुगली असणार. कृपया अजिबात चार्ज करू नका, दाबूनही बसवू नका. उन्हात किंवा गादीखाली ठेवू नका. रेकॉर्डिंग मेमरीच्या चिपवर असतं, बॅटरी काढली तरी ते जात नाही. मोबाईल दुरुस्तीवाला फुगलेली बॅटरी रोज काढतो, त्याला फक्त तेवढंच करायला सांगा.

ओवी_कर्वेनगर
हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं बॅटरीबरोबर सगळं गेलं. आत्ताच आईला फोन केला.

निशिगंध_बाणेर
ओवी, माझ्याकडे सोनीची २२ पिनांची केबल आहे, चालू आहे, कापायला नको. बॅटरी बदलून झाली की घेऊन जा. कर्वेनगरला माझी बहीण राहते, तिच्याकडे ठेवू का?

ओवी_कर्वेनगर
ठेवा ना. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

सिंहगडरोड
लाल प्लस, काळी ग्राउंड, पांढरी डेटा मायनस, हिरवी डेटा प्लस, हे सगळीकडे सारखंच ना? माझ्या केबलमध्ये निळी आणि केशरी निघाली.

मुठाकाठ
स्वस्त केबलमध्ये रंगावर जाऊ नका. यूएसबीच्या टोकाला चार पट्ट्या असतात, कडेच्या दोन पॉवरच्या, मधल्या दोन डेटाच्या. कुठली पट्टी कुठल्या वायरीला जाते ते मीटरने बघून कागदावर लिहा, मगच कात्री. प्लेअर कुठला आहे?

सिंहगडरोड
प्लेअर नाही हो, ट्रिमर आहे. चालेल ना इथे?

पेठकरीण
चालेल की! फोटो टाका.