द क्रो परत काढलाय, बघायचा का सोडून द्यायचा?

कडक_भाकरी

मंडळी, प्रश्न एका ओळीचा हाय पण जरा लांबण लावतो. द क्रो, १९९४ चा, ब्रँडन लीचा. कॉलेजात असताना नव्या पेठेतल्या एका लायब्ररीतनं व्हीसीडी आणायचो, दोन डिस्कचा सेट, पहिली चकाचक आन दुसरीवर असला ओरखडा की त्यातला हिरो एरिक त्या गुंडांच्या मीटिंगमधे टेबलावर येऊन उभा राहतो ना, बरोब्बर तिथं चित्र अडकायचं, सगळे चौकोन चौकोन आन आवाज नुसता टक टक टक. लायब्ररीवाला म्हणायचा तुमचा प्लेअरच खराब हाय. डिपॉझिट अडकलेलं त्यामुळं भांडता पण येईना. पिक्चरचा शेवट मी दोन वर्षांनी बघितलो, तोवर पहिली डिस्क तोंडपाठ झालेली.

त्या नादात एका संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला जाताना आईची पावडर आन काजळ घेऊन तोंड रंगवलं होतं, ओठांच्या कडेनं ते काळे फराटे सुद्धा. आई म्हणाली कुणाच्या दहाव्याला निघालायस, आधी तोंड धुऊन ये. धुतलं, पण काजळ काय निघेना, मग तसाच गेलो आन मित्रांनी वर्षभर भूत म्हणून हाक मारली.

तर आता भाचा मागं लागलाय की २०२४ चा नवीन बघ, बिल स्कार्सगार्ड हाय, तो इट मधला जोकर. ट्रेलर अर्धा बघून बंद केलो. अंगभर टॅटू, डोळ्यावर पण इंग्रजीत कायतरी लिहिलंय, केस बाजूनं भादरलेले. माझ्या डोक्यातला एरिक म्हणजे गिटारवाला, पावसात छपरावर एकटा बसलेला. हा दुसराच कोणतरी वाटायलाय. बघू का नको? दोन्ही बघितलेल्यांनीच सांगा बे, उगं टोमणे नकोत.

सात_रस्ता

नको. विषय संपला.

बरं कारण पण सांगतो. पहिल्या क्रोला जे वजन हाय ते स्क्रिप्टमधनं आलेलं नाय. ३१ मार्च १९९३, अमेरिकेत विल्मिंग्टनला शूटिंग, थोडेच दिवस राहिलेले. क्लोजअपसाठी खोट्या गोळ्या पाहिजे होत्या, तर सेटवरच्या लोकांनी खऱ्या गोळ्यांतली दारू काढून त्या बनवल्या पण मागची टोपी जिवंत राहिली. चाप ओढल्यावर तेवढ्या दणक्यानं पुढचं शिसं नळीत जाऊन अडकलं आन कुणी नळी तपासलीच नाय. पुढं त्याच पिस्तुलात ब्लँक भरली, ब्लँकमधे गोळी नसते पण दारू पूर्ण असते, तिनं ते अडकलेलं शिसं बाहेर फेकलं, सरळ ब्रँडनच्या पोटात. सीन कुठला? एरिक किराण्याची पिशवी घेऊन घरात येतो आन गुंड त्याला मारतात तो. २८ वर्षांचं पोरगं गेलं. अडीच आठवड्यांवर एलायझाशी लग्न आलेलं.

आन बापाच्या गेम ऑफ डेथमधे काय हाय? शूटिंग चालू असताना नटावर खरी गोळी झाडतात. तो पिक्चर पण ब्रूस ली गेल्यावर डुप्लिकेट घेऊनच पुरा केलेला. मला तर हे लिहिताना पण कसंतरी व्हायलंय.

उरलेले सीन चॅड स्टाहेल्स्कीनं केले, त्याच्यावर कॉम्प्युटरनं ब्रँडनचा चेहरा लावून. हाच माणूस पुढं जॉन विकचा डायरेक्टर झाला. मूळ डायरेक्टर अ‍ॅलेक्स प्रोयासनं तर उघड सांगितलंय की हा ब्रँडनचा वारसा हाय, तसाच राहू द्या. घरच्या माणसानंच नको म्हटल्यावर आपण कशाला?

यंत्रमाग

सात रस्ता भाऊ, माहिती झकास पण मुद्दा अर्धाच. वारसा वारसा म्हणताय, मग पुढचे भाग, १९९६ चा सिटी ऑफ एंजल्स, २००० चा साल्व्हेशन आन २००५ चा विकेड प्रेअर कुणी काढले? त्या तिघांनी वारशाचं पार पायपुसणं केलं तेव्हा कोण रडलं नाय, कारण कुणी बघितलेच नाहीत. आन हा रिबूट, म्हणजे तोच पिक्चर नव्यानं काढायचं, काय काल सुचलेला नाय, २००८ पासनं नुसती हिरोची नावं बदलत होती, ब्रॅडली कूपर झाला, ल्यूक एव्हान्स झाला, जेसन मोमोआ झाला.

दुसरं, खरा मालक कोण? जेम्स ओबार, ज्याच्या कॉमिकवरनं पिक्चर आला. त्याची होणारी बायको दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं उडवली. तो सैन्यात गेला, बर्लिनला असताना १९८१ मधे हे चितारायला घेतलं आन छापून यायला १९८९ उजाडलं. डेट्रॉइटच्या पेपरातली एक बातमी पण त्याच्या डोक्यात होती, वीस डॉलरच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी जोडप्याला मारल्याची. म्हणजे प्रोयासचा पिक्चर सुद्धा दुसऱ्याच्या दुःखावरच बेतलेला होता की, आन कॉमिकमधलं त्यानं पण बरंच बदललंय.

मी नवीन बघितलाय. पहिला एक तास लई रखडतो. एरिक आन त्याची प्रेयसी शेली व्यसनमुक्ती केंद्रात भेटतात, मग त्यांचं प्रेम, आंघोळी, पार्ट्या. उद्देश चांगला होता, कारण जुन्यात शेली नुसती आठवणीपुरती दिसते, हिला निदान पात्र म्हणून उभी करायची होती. पण उभी राहत नाय. व्हिलन सैतानाशी करार केलेला म्हातारा, त्याचं काय चाललंय ते त्यालाच माहिती. शेवटाकडं ऑपेरा थिएटरमधली मारामारी मात्र एक नंबर, तेवढ्यासाठी बघ.

आमचे वडील जेकार्डवर, म्हणजे नक्षीची भोकाची कार्डं लावायच्या मागावर, चादरी विणायचे. ते म्हणायचे कार्ड तेच लावलं म्हणून चादर तीच होत नाय, सूत हलकं असलं की दोन धुण्यात विरते. इथं तर कार्ड पण बदललंय आन सूत पण, नुसतं लेबल तेच ठेवलंय. मग तुलना करून बीपी कशाला वाढवायचं.

शेंगाचटणी

बजेट ५ कोटी डॉलर, अमेरिकेत पहिल्या वीकेंडला ५० लाख पण नाय झाले. कावळ्यानं पिंडाकडं बघितलं सुद्धा नाय 😂

चंद्रभागा_काठ

वरचा जोक वाचून हसलो पण त्यावरनंच आठवलं. जुन्या क्रोच्या सुरुवातीला ती लहान मुलगी सांगते ना, माणूस मेला की कावळा त्याचा आत्मा घेऊन जातो, पण फार वाईट झालेलं असलं की आत्मा शांत होत नाही आणि कावळा त्याला परत आणतो. गोऱ्या लोकांना हे गूढ बिढ वाटत असेल, आमच्या आजीला मी एकदा स्टोरी सांगितली तर म्हणाली त्यात काय नवीन, इच्छा राहिली असणार त्याची.

आजोबांच्या दहाव्याला पंढरपूरला होतो. पिंड ठेवला, कावळे समोर बसलेले, पण शिवेनात. पाऊण तास. काका म्हणाले शेताची वाटणी नीट करीन, नाही. आत्याला बघायला जात जाईन, नाही. मग माझे वडील हळूच म्हणाले दादा, म्हशीला विकणार नाही. आला की झपकन! सगळे रडता रडता हसले.

आता नव्या क्रोत मला हेच लागत नाही. एरिकची इच्छा काय ते कळतं, पण ती आपल्याला टोचत नाही. कावळा आलाच नाही तर भटजी दर्भाचा कावळा करून शिववतात ना, तसा आहे हा सिनेमा. विधी सगळा बरोबर.

यंत्रमाग

वा! पण दर्भाच्या कावळ्यानं पण दहावं होतंच की हो. लोकं जेवून घरी जातात.

सात_रस्ता

जेवतात, पण वाटेत कुजबुजतात ना, शिवला नाय म्हणून.

कडक_भाकरी

तुम्ही लोकांनी माझा प्रश्न घाटावर नेऊन ठेवलाव 🙏 पण म्हशीचा किस्सा वाचून बायकोला पण दाखवलो, तिनं विचारलं म्हैस मग विकली का?

तर काल रात्री भाच्यासोबत बसलोच. रखडतो ते खरं हाय, मी मधे दोनदा उठून पाणी पिऊन आलो. ऑपेराला भाचा सरसावून बसला, मी पण बसलो, खोटं कशाला बोलू. संपल्यावर त्याला म्हणालो आता जुना बघ, लावला मोबाईलवरनं टीव्हीला. त्याला सुरुवातीला अंधारच दिसंना, म्हणाला मामा ब्राइटनेस वाढव. पाऊस, छप्पर, ब्रँडन सगळं झालं, टेबलाचा सीन आला आन मी आपोआप थांबलो की आता अडकणार. अडकला नाय. एरिक सरळ बोलतच गेला आन मला ते पुढचं डायलॉग सगळे नवीनच वाटायले.

शेवटी पडद्यावर ब्रँडन आन एलायझासाठी असं येतं, तेव्हा भाच्यानं विचारलं एलायझा कोण. सांगितलो. मग तो बराच वेळ मोबाईल बघत बसला, काय शोधत होता ते मी विचारलो नाय.

चंद्रभागा_काठ

म्हैस नाही विकली. गोठ्यातच म्हातारी होऊन गेली. वहिनींना सांगा.